‘द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर’ (१९७४) या चित्रपटातील करवत नेमकी कोणत्या बनावटीची होती?

पडद्यामागे

टोबी हूपर यांचा हा चित्रपट मी आजवर तीन वेळा पाहिला, पण या वेळी कथेकडे दुर्लक्ष करून केवळ एका वस्तूकडे पाहण्याचे ठरवले होते. लेदरफेस या पात्राच्या हातातील साखळी करवत ही भयपटांच्या इतिहासातील बहुधा सर्वांत ओळखीची वस्तू आहे. भित्तिचित्रांवर, खेळण्यांवर, कपड्यांवर ती सर्वत्र दिसते. असे असूनही ती कोणत्या कारखान्यातून आली, कोणत्या वर्षांतील आहे आणि ती कोणत्या कामासाठी बनवली गेली होती, याविषयी मराठीत मला एक ओळही वाचायला मिळाली नाही.

चित्रपट थांबवून थांबवून पाहिल्यावर लक्षात आले ते असे. करवत जवळजवळ कधीच स्थिर नसते. ती हलत असते, धूर सोडत असते, किंवा लेदरफेसची भूमिका करणाऱ्या गनर हॅन्सन यांच्या अंगाआड गेलेली असते. ज्या मोजक्या क्षणी तिची बाजू स्पष्ट दिसते, त्या क्षणी कंपनीचे नाव असायला हवे त्या जागी एक काळा डाग दिसतो. आरंभी मला ती सावली वाटली, पण प्रकाशाची दिशा बदलल्यावरही तो डाग जागचा हलत नाही. तेथे मुद्दाम काहीतरी चिकटवलेले असावे, अशी माझी खात्री झाली.

माझा प्रश्न दुहेरी आहे. ही करवत कोणती, आणि नाव झाकलेले असताना ती ओळखायची कशी? येथे काही सभासद यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायात आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून धागा येथे काढत आहे. कृपया ‘चित्रपटात काय दाखवले’ आणि ‘प्रत्यक्षात काय होते’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, ही विनंती.

कानस

उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. ती पोलन कंपनीची ३०६ए या क्रमांकाची करवत आहे. अमेरिकेत जुन्या करवती जमवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मंडळींमध्ये ही ओळख पक्की मानली जाते. आपल्याला दिसलेला काळा डाग म्हणजे काळी चिकटपट्टी आहे. पोलनचे नाव दिसून कंपनीकडून कायदेशीर कटकट होऊ नये म्हणून ती लावली होती, असे सांगितले जाते, आणि एका गरीब निर्मितीसाठी ती काळजी अगदी स्वाभाविक होती. आपले यंत्र माणसे कापण्याच्या कामी दाखवले गेले आहे, हे कोणत्या कारखानदाराला आवडले असते?

आता ओळखण्याविषयी. मी बावीस वर्षे या यंत्रांची दुरुस्ती करतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या यंत्रांवरचे नाव घासून गेलेले असते, रंग उडालेला असतो किंवा मालकाने घरीच दुसरा रंग मारलेला असतो. त्यामुळे नाव आणि रंग या दोन गोष्टींवर आमचा विश्वास मुळातच कमी असतो. आम्ही पाहतो ते ओतीव भाग. मागची मूठ इंजिनाच्या घराशी कोठे आणि कशी जोडली आहे, पुढच्या मुठीची नळी कोणत्या बाजूने वळसा घेते, दोर ओढायच्या बाजूच्या झाकणावर हवेसाठी कशा फटी आहेत, सायलेन्सर कोणीकडे तोंड करून आहे आणि हवेच्या गाळणीचे झाकण कोणत्या स्क्रूने धरले आहे, हे सगळे साच्यातून येते. रंग बदलला तरी साचा बदलत नाही. प्रत्येक कंपनीने या भागांना आपापला आकार दिलेला असतो आणि तो आकार वर्षानुवर्षे तसाच राहतो.

दुसरी खूण काळाची आहे. आजच्या जवळजवळ प्रत्येक करवतीवर पुढच्या मुठीसमोर एक उभी ढाल असते. ती केवळ ढाल नसते, साखळीचा ब्रेक असतो. करवतीच्या पट्टीचे टोक लाकडात अडले की यंत्र क्षणार्धात वर आणि मागे, थेट कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. त्या वेळी मनगट या ढालीवर आपटते आणि साखळी थांबते. हा ब्रेक १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रचारात येऊ लागला. चित्रपटातील करवतीला ती ढाल नाही. चित्रीकरण १९७३च्या उन्हाळ्यात झाले आणि त्या वेळी अमेरिकेतील शेतघरांत असलेल्या बहुतेक करवती अशाच, ब्रेक नसलेल्या होत्या. चित्रपटात खोटी वाटावी अशी एकही गोष्ट त्या यंत्रात नाही, कारण ते यंत्र खोटे नव्हतेच.

रानवाट

कानस, आपल्या माहितीबद्दल आभार, पण एक शंका आहे. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा रंग आणि चित्रपटातील रंग मला जुळत नाही. शेवटच्या प्रसंगात तर प्रत्येक चौकटीत वेगळाच रंग दिसतो. मग ओळख पक्की कशी म्हणायची?

कानस

रंगावर जाऊ नये, हे मी वर म्हटलेच आहे. या चित्रपटाच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे, पण त्याचे कारण पडद्यामागे यांनी सांगावे. फिल्मविषयी त्यांना माझ्याहून अधिक माहिती आहे.

पडद्यामागे

सांगतो. हा चित्रपट १६ मिलिमीटर फिल्मवर, एक्लेअर कंपनीच्या एनपीआर या कॅमेऱ्याने चित्रित झाला आणि चित्रपटगृहांसाठी नंतर ३५ मिलिमीटरवर मोठा केला गेला. डॅनियल पर्ल हे छायाचित्रकार होते. वापरलेली फिल्म बारीक कणांची, पण कमी वेगाची होती, म्हणजे तिला भरपूर प्रकाश लागत असे. भर दुपारच्या टेक्ससमधील उन्हात आणि शेवटच्या प्रसंगातील सूर्योदयाच्या तांबूस तिरप्या उजेडात एकच वस्तू दोन वेगळ्या रंगांची दिसणे अपरिहार्य आहे. त्यात चित्रपटाच्या प्रती झिजल्या, पुढे पुन्हा पुन्हा डागडुजी करून नव्याने प्रसिद्ध झाल्या, आणि प्रत्येक वेळी रंग ठरवणारी व्यक्ती वेगळी होती. तेव्हा रंग हा या बाबतीत पुरावाच धरता येणार नाही, हे कानस यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

आणखी एक गोष्ट मी आता पुन्हा तपासली. काळी पट्टी आहे हे ठाऊक असताना पाहिले की ती सहज दिसते, आणि ती एकदा दिसली की दिसायची थांबत नाही.

जुने_इंजिन

पोलन या कंपनीविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण या चित्रपटाशी तिचे नाते केवळ योगायोगाचे नाही, असे माझे मत आहे.

क्लॉड पोलन हे लाकूडतोडीच्या व्यवसायातील गृहस्थ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पूर्व टेक्ससमधील पाइनच्या जंगलांत ते कागदाच्या लगद्यासाठी लागणारे लाकूड तोडून घेत असत आणि त्यांच्या हाताखाली जर्मन युद्धकैदी काम करीत. त्या काळच्या करवती अवजड होत्या आणि आडवे पडलेले ओंडके कापताना साखळीची पट्टी लाकडाच्या भाराखाली दाबली जाऊन अडकत असे. पोलन यांनी एका जुन्या ट्रकच्या चाकावरील पत्रा वाकवून त्याचा धनुष्यासारखा कमानदार मार्गदर्शक तयार केला आणि त्यावरून साखळी फिरवली. कमान असल्यामुळे लाकूड मिटले तरी साखळी अडकत नसे आणि कापणाऱ्याला फारसे वाकावेही लागत नसे. १९४६ साली त्यांनी लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे कारखाना काढला. हे शहर टेक्ससच्या सीमेला लागूनच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लगद्याच्या जंगलांत ती कमानदार करवत बरीच वर्षे चालली. पुढे ती धोकादायक ठरून मागे पडली आणि कंपनीची ओळख साध्या सरळ पट्टीच्या करवतींची राहिली.

चित्रीकरण ऑस्टिन शहराच्या उत्तरेला, राउंड रॉक या गावालगत झाले. तेथून श्रीव्हपोर्ट रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. म्हणजे लेदरफेसच्या हाती आलेली करवत ही पूर्व टेक्ससच्या जंगलांत काम केलेल्या एका लाकूडतोड्याच्या कल्पनेतून निघालेल्या, शेजारच्या राज्यातील कंपनीची होती. त्या भागातील कोणत्याही घराच्या पडवीत ती सापडली असती. चित्रपटातील कुटुंब श्रीमंत नाही, गावाबाहेर राहते आणि त्यांच्या दारात पेट्रोलवर चालणारा विजेचा जनित्र घरघरत असतो. अशा घरात एखादी परदेशी, महागडी करवत दिसली असती तर जाणकाराला ती खटकली असती. ही मुळीच खटकत नाही.

ध्वनिवेध

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडते. या करवतीची अर्धी भीती तिच्या आवाजात आहे, आणि तो आवाज समजून घेण्यासाठी थोडे गणित पुरते.

दोन आघातांच्या (टू-स्ट्रोक) एका सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत मंद चालले असेल तर सेकंदाला ५० स्फोट होतात, आणि तो आवाज आपल्याला खर्जातील घरघर म्हणून ऐकू येतो. पेट्रोलचा चाप पूर्ण दाबला आणि फेरे ९,०००वर गेले की सेकंदाला १५० स्फोट होतात. आवाज दीड सप्तकाहून अधिक वर चढतो आणि त्याला धातूची किनार येते. माणूस ओरडू लागला की त्याचा स्वरही असाच चढत जातो. चित्रपटाच्या उत्तरार्धात सॅलीची भूमिका करणाऱ्या मॅरिलिन बर्न्स यांची किंकाळी आणि करवतीचा चढता स्वर एकमेकांत असे मिसळतात की काही वेळा कान दोन्हींत फरक करू शकत नाही. पार्श्वसंगीतही पारंपरिक अर्थाने संगीत नाही, धातूंच्या आघातांचे आणि घासण्याचे आवाज आहेत, त्यामुळे करवत त्या संगीताचाच एक भाग वाटू लागते.

मला कानस यांना विचारायचे आहे: ज्या प्रसंगांत करवत कलाकारांच्या अगदी जवळ येते, तेथेही इंजिन खरोखर चालू असू शकते का?

कानस

हो, चालू असू शकते, आणि याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये एक क्लच असतो. फेरे कमी असतात तोवर त्या क्लचचे वजनदार तुकडे स्प्रिंगने आत ओढलेले राहतात. चाप दाबला की ते बाहेर फेकले जातात, भोवतीच्या वाटीला घट्ट चिकटतात आणि ती वाटी साखळी फिरवते. म्हणून इंजिन मंद चालू असताना साखळी स्थिर असते. शिवाय साखळी पूर्ण उतरवून ठेवली, किंवा तिचे दात घासून टाकले, तरी इंजिनाचा आवाज आणि धूर यांत काहीच फरक पडत नाही. लांबून पाहणाऱ्याला, त्यातही हलत्या चित्रात, साखळी आहे की नाही हे कळणे कठीण जाते.

पण म्हणून संपूर्ण चित्रपटात करवत निरुपद्रवी होती असे नाही. पाहण्याची खूण सांगतो: भुसा उडतो आहे का ते पाहा. रात्रीच्या पाठलागात वाटेतील फांद्या कापल्या जातात, आणि सॅली घरात शिरून दार लावून घेते तेव्हा दाराची फळी कापली जाते. तेथे दात असलेली, धार लावलेली साखळी फिरते आहे यात शंका नाही. धार नसलेल्या साखळीने लाकूड कापले जात नाही, ते जळते, आणि भुशाऐवजी पीठ पडते.

हे दात कसे आहेत तेही सांगण्यासारखे आहे. १९४०च्या दशकापर्यंत करवतीच्या साखळीचे दात हातकरवतीसारखे टोकदार असत आणि लवकर बोथट होत. जो कॉक्स या लाकूडतोड्याने कुजक्या ओंडक्यात एका भुंग्याची अळी पाहिली, जी आपल्या वाकड्या जबड्यांनी लाकूड डावीकडे आणि उजवीकडे, उभे आणि आडवे, कशाही दिशेने पोखरत जात होती. त्या जबड्यांच्या आकारावरून त्याने डावा आणि उजवा असे आलटून पालटून येणारे वाकडे दात घडवले आणि १९४७ साली पोर्टलंडमध्ये साखळ्यांचा कारखाना काढला. आज मी रोज ज्या साखळ्यांना गोल कानशीने धार लावतो, त्या सर्व त्याच अळीच्या वंशातील आहेत. लेदरफेसच्या हातातील साखळीही त्याच कुळातील होती.

हातोडा

धागा फार चांगला चालला आहे, परंतु मला एका मूलभूत गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. आपण सर्व करवतीविषयी बोलत आहोत, आणि चित्रपटाचे नावही तिचेच आहे. पण चित्रपट नीट पाहिला तर करवतीने मारली जाणारी व्यक्ती एकच आहे, चाकांच्या खुर्चीतील फ्रँकलिन. त्याचे सोबती कर्क आणि जेरी हे दोघे घणाच्या घावाने मरतात. पॅमला मांस टांगण्याच्या आकड्याला अडकवले जाते. कर्कच्या बाबतीत करवत येते ती तो पडल्यानंतर. माझ्या मते या चित्रपटाचे खरे अवजार घण आहे.

आणि तो घण कोठून आला हे चित्रपट आधीच सांगतो. प्रवासाच्या सुरुवातीला गाडीत घेतलेला तरुण कत्तलखान्याविषयी बोलतो. गुरे पूर्वी घणाने मारत, आता हवेच्या दाबाच्या बंदुकीने मारतात. जुनी पद्धत अधिक चांगली होती आणि नव्या यंत्राने लोकांची कामे गेली, असे त्याचे म्हणणे असते. अमेरिकेत १९५८ साली जनावरांच्या मानवीय कत्तलीचा कायदा संमत झाला, आणि कत्तलखान्यांत घणाऐवजी जनावर तत्काळ बेशुद्ध करणारी साधने येऊ लागली. त्या बंदुकीतून गोळी सुटत नाही. एक पोलादी दांडा कपाळावर आदळून परत मागे जातो. म्हणजे चित्रपटातील कुटुंब हे कालबाह्य झालेल्या कौशल्याचे वारस आहे. म्हातारा आजोबा हा त्यांच्यातील सर्वांत कुशल घणकरी म्हणून गौरवला जातो, आणि शेवटी त्याच्या हातात घण ठरत नाही, तो पुन्हा पुन्हा खालच्या बादलीत पडतो. त्या प्रसंगाची भयानकता समजण्यासाठी घणाचा हा इतिहास ठाऊक असायला हवा.

पडद्यामागे

हातोडा, आपला मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की तो मूळ लेखात यायला हवा होता. तरीही एका बाबतीत मी सहमत नाही. घण हे त्या कुटुंबाच्या धंद्याचे अवजार आहे, आणि म्हणूनच त्याचा घाव इतका चटकन, इतका सराईतपणे पडतो. कर्क दारात पाऊल टाकतो आणि काही क्षणांत लोखंडी दार बंद होते. करवत मात्र धंद्याचे अवजार नाही. कत्तलखान्यात गुरे मारण्यासाठी कोणी पेट्रोलची करवत वापरत नाही. ती लाकडाची आहे, तिचे या कामात काहीच स्थान नाही, आणि ती चुकीच्या ठिकाणी आली आहे हीच गोष्ट पाहणाऱ्याच्या मनात घर करते. घणाने मृत्यू येतो, करवतीने पाठलाग होतो. नाव पाठलागाचे राहिले.

कल्पनेचा उगमही याच्याशी जुळतो. १९७२च्या नाताळाच्या सुमारास हूपर एका मोठ्या दुकानाच्या अवजारांच्या विभागात गर्दीत अडकले होते आणि समोर विक्रीसाठी करवती मांडलेल्या होत्या. यातली एक चालू केली तर ही सगळी गर्दी बाजूला होऊन आपल्याला वाट मिळेल, असा विचार त्यांच्या मनात आला, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणजे करवत त्यांच्या मनात प्रथम आली ती कापणारे यंत्र म्हणून आलीच नव्हती. गर्दी पांगवणारे, माणसांना पळायला लावणारे यंत्र म्हणून आली. दुकानातील, किमतीची चिठ्ठी लावलेली वस्तू.

रानवाट

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करावासा वाटतो. ही ‘सत्यकथा’ आहे असे अनेकजण आजही मानतात, आणि मग खरी करवत एखाद्या पोलीस ठाण्यात जमा असेल असेही विचारतात. तशी कोणतीही करवत नाही. कथेला दूरचा आधार आहे तो विस्कॉन्सिन राज्यातील प्लेनफिल्ड येथील एड गीन याच्या प्रकरणाचा, जे १९५७ साली उघडकीस आले. मानवी कातडीचे मुखवटे आणि हाडांच्या वस्तू हा भाग तेथून आला. गीन टेक्ससचा नव्हता आणि त्याच्या गुन्ह्यांत साखळी करवत कोठेही नव्हती.

गोठणकर

मी रायगड जिल्ह्यातील आहे आणि आमच्याकडे या यंत्राला सर्वजण ‘कटर’ म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा आमच्या वाडीतील सुपारी, नारळ आणि आंब्याची झाडे एका दुपारीत आडवी झाली. पुढचा महिनाभर मी स्वतः कटर चालवला. त्या अनुभवावरून चित्रपटातील दोन गोष्टींविषयी लिहितो.

पहिली गोष्ट, पळताना चालू कटर हातात धरणे. आम्हांला शिकवले गेले होते की दोन पावलांपेक्षा अधिक चालायचे असेल तर यंत्र बंद करायचे आणि पट्टी मागे करून धरायचे. गनर हॅन्सन रात्री, झाडीतून, उंच टाचांचे बूट घालून, डोळ्यांपुढे अगदी लहान छिद्रे असलेला मुखवटा लावून चालू यंत्रासह धावत आहेत. ढाल नाही, ब्रेक नाही. एक मुळी पायात आली असती तर काय झाले असते, याचा विचार करून मला तो प्रसंग कथेपेक्षा अधिक भीतिदायक वाटला.

दुसरी गोष्ट, शेवटचा नाच. उगवत्या सूर्यासमोर तो करवत डोक्याभोवती गरगर फिरवतो. या वर्गातील यंत्रे पट्टी आणि साखळीसह सात किलोंच्या आसपास भरतात. फांद्या कापताना खांद्याच्या वर कटर नेला की दहा मिनिटांत दंड भरून येतात आणि हात थरथरू लागतात. हॅन्सन सहा फूट चार इंच उंचीचे आणि दणकट बांध्याचे होते म्हणून ते शक्य झाले. आमच्याकडील कोणत्याही कटरवाल्याने तो प्रसंग पाहिला तर तो आधी यंत्राच्या वजनाविषयीच बोलेल.

ध्वनिवेध

गोठणकर, त्या नाचात आवाज सतत वरखाली होतो, कारण चाप दाबला आणि सोडला जातो आहे. आपले वाचल्यावर मला आता वाटते की तो आवाज कदाचित थकलेल्या हाताचाही आहे.

कानस

पाय कापला जाण्याच्या प्रसंगाविषयी लिहायचे राहिले होते. ट्रकचालक मोठा पाना फेकून मारतो, लेदरफेस पडतो आणि चालू करवत त्याच्याच मांडीवर येते. तेथे हॅन्सन यांच्या विजारीखाली लोखंडी पत्रा बांधला होता, पत्र्यावर मांसाचा तुकडा आणि रक्ताची पिशवी ठेवली होती, आणि साखळीने खरोखर ते मांस कापले. साखळी पत्र्यावर घासली की पत्रा तापतो. त्यांना तो चटका बसला होता आणि तेथील वेदना सर्वस्वी अभिनयाची नाही. आज कोणताही चित्रपट असा प्रसंग खऱ्या साखळीने करणार नाही, आणि करूही नये. मी माझ्या दुकानात शिकणाऱ्या मुलांना संरक्षक विजार घालायला लावतो. तिच्या आतील लांब धागे साखळीत गुंतून ती जागीच थांबवतात. पत्रा हे त्याच्या नेमके उलट आहे: तो साखळी थांबवत नाही, केवळ तिला पायापर्यंत पोहोचू देत नाही, आणि घसरलेली साखळी कोणीकडे जाईल याची शाश्वती नसते.

जुने_इंजिन

वाचकांना आवडेल अशी एक जोड. साखळी करवतीचा जन्मच मुळी शस्त्रक्रियेच्या खोलीत झाला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन ऐटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन वैद्यांनी बारीक दात असलेली, दोन्ही टोकांना मुठी असलेली, हाताने ओढायची साखळी वापरात आणली. अडलेल्या बाळंतपणात कटीचे सांधे मोकळे करण्यासाठी आणि रोगट हाड काढण्यासाठी ती होती. १८३०च्या सुमारास बर्नहार्ड हाइन या जर्मन वैद्याने पट्टीभोवती दातेरी साखळी फिरवणारे, हाताने चालवायचे हाडे कापण्याचे यंत्र बनवले. त्याचे चित्र पाहिले तर आजच्या करवतीशी असलेले साम्य लगेच डोळ्यांत भरते. लाकडाकडे हे यंत्र नंतर आले.

हातोडा

ही माहिती मला नवीन होती. तेव्हा ‘करवत चुकीच्या ठिकाणी आली आहे’ या पडद्यामागे यांच्या विधानाला एक जुनी दुरुस्ती लागते, असे म्हणावे लागेल. तरीही त्यांचे मूळ म्हणणे मी मान्य करतो. १९७३च्या टेक्ससमधील कोणाही प्रेक्षकासाठी ती लाकडाचीच वस्तू होती.

पडद्यामागे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ लेखात मी आता तीन दुरुस्त्या करत आहे. करवतीची ओळख पोलन ३०६ए अशी नोंदवत आहे, काळ्या डागाचा खुलासा चिकटपट्टी असा करत आहे, आणि घणाविषयीचा हातोडा यांचा प्रतिसाद लेखाच्या मुख्य भागात घेत आहे.

काल रात्री मी शेवटचा प्रसंग पुन्हा पाहिला. करवत हवेत फिरते तेव्हा तिची डावी बाजू, दोर ओढायची बाजू, काही चौकटींत सरळ कॅमेऱ्यासमोर येते. कानस यांनी सांगितल्याप्रमाणे रंग आणि नाव सोडून मी केवळ मुठीचा वळसा आणि झाकणाची कड पाहिली, आणि जुन्या ३०६एच्या छायाचित्राशी ती शेजारी ठेवून जुळवली. कड जुळते.

कानस

त्याच चौकटीत खाली, मागच्या मुठीपाशी पाहा. चाप पूर्ण दाबलेला आहे.